आधी पाइप, मग कापड

“चिकटव, आणि मग फाड,” धाकटा म्हणाला.

तिनं लाल कापडाचा चौकोनी तुकडा विमानाच्या पंखाच्या पुढच्या कडेवर, बंदुकीच्या तोंडाशी धरून पाहिला, कात्रीनं एक बाजू दोराभर कमी केली आणि पुन्हा धरला. आता बरोबर बसत होता. भावाकडे तिनं पाहिलंही नाही.

“ऐकतेयस का? मधोमध फाड. कडा जरा जाळ. आणि मागे पंखावर काजळीचे ओघळ हवेत. रंगाऱ्याला सांग, त्याला येतं ते.”

“रंगाऱ्याला काय सांगायचं ते मला शिकवू नकोस.”

“अगं, उद्या सकाळी पडदा उघडायचाय.”

“मग पडद्याला लाव काजळी.”

विमानाच्या पोटाखाली पाठीवर झोपून काम करणारा फिटर तिथूनच खुसखुसला. धाकट्यानं वाकून त्याच्याकडे पाहिलं, तशी फिटरला एकाएकी कामाची फार घाई झाली.

धाकटा संग्रहालयाच्या समितीवर होता. समितीवर असणं म्हणजे काय, तर महिन्यातून एकदा कडक इस्त्रीचा शर्ट घालून हँगरमध्ये यायचं, कशालाही हात न लावता विमानाभोवती एक चक्कर मारायची आणि “वा, वा” म्हणून निघून जायचं. ती मात्र इथे रोज होती. वर्कशॉपची मुख्य होती. ह्या विमानाचा पत्रा, कापड, रंग, सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं आणि तिच्या नखांतून ते वार्निश आता काही केल्या निघत नव्हतं.

विमान बाबांचं होतं. म्हणजे सरकारचं, पण त्या लढाईत ते बाबा उडवायचे. लढाई संपल्यावर विमानतळाच्या फाटकापाशी ते चौथऱ्यावर चढवून ठेवलं गेलं, इंजिनात पाखरांनी घरटी केली, कॉकपिटमध्ये पाणी साचलं, आणि शेवटी कोणाला तरी जाग येऊन ते संग्रहालयाकडे आलं. लोक म्हणाले, काय हा योग! वडिलांचं विमान मुलीच्या हाती! एका वर्तमानपत्रवाल्यानं तर विचारलंही, “वडिलांच्या आठवणीनं भरून येत असेल ना?” डोंबल भरून येत होतं! तिचा जीव जळत होता, पत्र्याच्या पहिल्या खिळ्यापासून जळत होता.

“पाटी पाहिलीस?” धाकट्यानं आवाज मऊ केला. “पितळेची. मजकूर मी दिलाय.”

पाटी तिनं पाहिली होती. पितळ चांगलं होतं. त्यावर बाबांचं नाव होतं आणि नावाखाली लिहिलं होतं, शेवटच्या गोळीपर्यंत लढलेला वैमानिक.

“शेवटची राहू दे,” ती म्हणाली. “पहिली तरी उडाली होती का?”

“तू होतीस तिथे?”

“विमानतळाच्या वसाहतीत होते. तू पाळण्यात होतास.”

बंदुका भरल्या की त्यांच्या तोंडांवर असं कापड चिकटवायचं, हा त्या वेळचा रिवाज. आत धूळ जाऊ नये, वरच्या गारठ्यात ओल गोठू नये म्हणून. वैमानिकानं चाप ओढला की पहिलीच गोळी ते कापड फाडून जाई. मग परतताना वारा त्या उघड्या तोंडांत शिरायचा आणि विमान शिट्टी वाजवत यायचं. जमिनीवरची माणसं मान वर करून उभी असायची. शिट्टी आली की कळायचं, गडी लढून आला. शिट्टी नसली, कापड कोरं असलं, तर वैमानिक शिडीवरून उतरायच्या आधीच सगळ्यांना सगळं कळलेलं असायचं.

त्या दिवशी विमानं दोन गेली होती. आलं एक, आणि ते शिट्टी न वाजवता आलं. जोडीदार तिकडेच पडला होता आणि बाबांच्या बंदुकांवरचं कापड कोरं होतं. त्यांनी सरळ सांगितलं म्हणे, मी चाप ओढलाच नाही. त्यानंतर त्यांना कोणी उडू दिलं नाही. भांडारात बदली झाली. तिथे ते टायर आणि दोरखंड मोजत बसायचे. वसाहतीत त्यांना नावच पडलं. त्यांच्या तोंडावर म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, पण मधल्या सुट्टीत पोरं तिच्या पाठीमागून यायची आणि हळूच म्हणायची, “कोरं कापड, कोरं कापड.”

आणि घरात? घरात ताटं भिंतीवर जायची. पाणी कोमट का, दार का आपटलं, दिवा का लावला, दिवा का नाही लावला. एकदा जड पेला आईच्या कानावर बसला, तेव्हापासून आईला त्या बाजूनं हाक मारून उपयोग नसायचा. धाकटा सहा वर्षांचा असताना एका सकाळी नुकतीच जमायला लागलेली शिट्टी वाजवत अंगणातून घरात आला. बाबांनी त्याला इतकं मारलं, इतकं मारलं की शेजारच्यांनी मध्ये पडून सोडवला. पुढे आयुष्यात धाकट्यानं शिट्टी वाजवली नाही. पण त्यानं एक कमाल केली. मार विसरून टाकला आणि बाप ठेवून घेतला. तिला ते जमलं नाही.

“तू बाबांवर सूड उगवतेयस,” धाकटा म्हणाला.

“हो.”

इतक्या पटकन हो येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

“बाबा घाबरले,” ती म्हणाली, “हे आपल्या घरात एकदाही कोणी मोठ्यानं बोललेलं नाही. आई मेली तरी बोलली नाही. उद्या कोरं कापड लागेल. ज्याला कळतं त्याला एका नजरेत कळेल. मला एवढंच हवंय. एवढ्यासाठी मी ह्या डबड्याला इतकी वर्षं घासलंय.”

“उद्या माझी मुलं येणारेत. त्यांना काय सांगू?”

“खरं सांग. मरत नाहीत मुलं खऱ्यानं.”

धाकट्याच्या नाकपुड्या फुगल्या. अगदी बाबांच्या फुगायच्या तशा. पण हे त्याला सांगितलं असतं तर त्याला आनंदच झाला असता, म्हणून ती बोलली नाही.

“मी सकाळी येईन तेव्हा कापड फाटलेलं दिसलं पाहिजे,” तो म्हणाला. “नाहीतर मीच ब्लेड घेऊन येतो.”

“ये. बोटं सांभाळ.”

त्याच्या बुटांचा आवाज हँगरच्या दारापर्यंत गेला आणि दार एवढ्या जोरात आपटलं की वरचा पत्रा थरथरला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिनं वार्निशाचा डबा पुढे ओढला, ब्रश बुचकळला आणि पहिल्या बंदुकीच्या तोंडाभोवती फासला.

“ताई,” पोटाखालून फिटरचा आवाज आला, “काकांनी पाइप नाही जोडलेला अजून. चहाला गेलेत.”

“असू दे.”

“नाही, पण ते म्हणतात ना, आधी पाइप...”

“आता तूही शिकव मला! तूच राहिला होतास!”

तिनं पहिला तुकडा चिकटवला, अंगठ्यानं कडा दाबल्या, दुसऱ्याकडे वळली.

काका म्हणजे बंदूककाका. हे नाव त्यांना लहानपणी तिनंच दिलेलं. बाबांच्या विमानाच्या बंदुका भरायचं काम त्या लढाईत त्यांच्याकडे होतं, तेव्हा ते जेमतेम मिसरूड फुटलेले होते. आता हात थरथरायचे, पण पाना हातात आला की थरथर थांबायची. संग्रहालयानं बोलावलं नव्हतं तरी ते आपण होऊन यायला लागले. सकाळी डबा घेऊन यायचे आणि बंदुका अशा पुसत बसायचे जसं कोणी नातवाचे कान पुसावेत.

तिच्या लहानपणी ते दर रविवारी घरी यायचे. खिशात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. “बंदूककाकांच्या खिशात गोळ्या नसतील तर कोणाच्या असतील!” असं आई म्हणायची आणि हसायची. आठवड्यातलं आईचं तेवढंच हसणं. त्या दिवशी बाबा कोणावर ओरडायचे नाहीत. काकांसमोर खुर्ची टाकून बसायचे. दोघं फारसं बोलायचेही नाहीत. संध्याकाळी काका निघाले की ती फाटकापर्यंत त्यांचा हात धरून जायची आणि विचारायची, उद्या पण याल? तिच्या मनात त्या माणसाला देवाच्या खालोखाल जागा होती.

काकांचा एक नियम होता आणि तो हँगरमधल्या प्रत्येकाला पाठ झाला होता. चाप ओढला की दाबाखालची हवा एका पाइपातून बंदुकांपर्यंत जाते आणि बंदुका चालतात. भरताना तो पाइप सोडून ठेवायचा, म्हणजे कॉकपिटमध्ये चुकून कोणाचा हात चापावर पडला तरी समोर काम करणारा माणूस जात नाही. भरून झालं की पाइप जोडायचा, नट आवळायचा, ओढून बघायचा, झाकण लावायचं. आणि सगळ्यात शेवटी कापड. कापड लागलं म्हणजे बंदूक तयार आहे असा शब्द दिला.

“आधी पाइप, मग कापड,” काका रोज एकदा तरी म्हणायचेच.

आता ह्या बंदुकांच्या नळ्यांत शिसं ओतलेलं होतं आणि हवेची बाटली रिकामी. प्रदर्शनात ठेवायच्या बंदुकांना तसं करावंच लागतं. तरी काका पाइप जोडल्यावर तो ओढून बघायचे. एकदा ओढायचे, झाकण उचलायचे, झाकण खाली ठेवायचे, पुन्हा ओढायचे. फिटर म्हणायचा, “काका अंघोळीलाही हाच नियम पाळतात. आधी पाइप, मग कापड.” त्यानं पैजही लावली होती की काका ज्या दिवशी पाइप विसरतील त्या दिवशी तो मिशी उतरवेल. त्या मिशीवर त्याचा फार जीव होता, पण ती सुरक्षित आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

काका आले तेव्हा ती शेवटच्या तुकड्याच्या कडा दाबत होती. त्यांच्या हातात तिच्यासाठी आणलेला चहाचा कप होता, वर बशी झाकलेली. ते पंखाशी आले आणि थांबले. त्यांनी कापडाकडे पाहिलं, मग कॉकपिटच्या खाली, जिथे झाकण अजून उघडं होतं तिकडे पाहिलं.

कप खाली पडला.

“कोणी लावलं?”

“मी,” ती म्हणाली. “वेळ नव्हता. तुम्ही सावकाश जोडा आता पाइप.”

“आधी पाइप!” काका ओरडले. त्यांचा असा आवाज तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता. “किती वेळा सांगितलं! किती वेळा! आधी पाइप!” आणि ते पुढे झेपावले, ओल्या कापडाखाली त्यांनी नखं घातली आणि तो तुकडा ओरबाडून काढला. दुसरा काढला. वार्निशाच्या तारा त्यांच्या बोटांना लोंबत होत्या. फिटर पोटाखालून सरकत बाहेर आला आणि तोंड उघडं टाकून बसून राहिला.

“काका, अहो काका!” तिनं त्यांचा दंड धरला. “नळ्यांत शिसं आहे! काय होणारे?”

त्यांनी तिचा हात झटकला. बंदूककाकांनी तिचा हात झटकला! मग ते लगबगीनं पंखावर चढले, म्हातारा माणूस, गुडघ्यांवर चढले, झाकणाच्या आत हात घातला, पाइप जोडला, नट आवळला आणि ओढला. पुन्हा ओढला. ते ओढतच राहिले. तोंडानं काहीतरी पुटपुटत होते. दुसऱ्या मुठीत लाल कापडाचे बोळे होते.

ती खाली उभी राहून बघत होती. राग अजून अंगात होताच, धाकट्यावरचा, बाबांवरचा, आणि आता ह्या भलत्याच ओरड्याचा. पण त्या रागाच्या मध्येच कुठेतरी तिचं डोकं शांतपणे चालायला लागलं. विमानावर काम करताना ते तसंच चालायचं; कुठला पत्रा कशावर बसतो, काय आधी, काय नंतर.

“फिटर,” ती म्हणाली, “जरा बाहेर जाऊन ये.”

“कुठे जाऊ?”

“कुठेही जा!”

तो गेला. तिनं पंखाच्या कडेला हात टेकले.

“काका, त्या दिवशी कापड आधी लावलंत ना?”

काकांचा हात थांबला. तो झाकणाच्या आतच होता.

“तिसऱ्यांदा जाणार होती विमानं,” ते म्हणाले. “सकाळपासून बसलो नव्हतो. इंजिन सुरू झालं होतं, खालून कोणीतरी ओरडत होतं, चल, चल, कापड लाव. मी लावलं. झाकण बंद दिसत होतं. मला वाटलं, पाइप जोडूनच बंद केलं असणार मी.”

“म्हणजे बाबांनी चाप ओढला होता.”

“ओढत राहिले होते. जोडीदाराच्या मागे शत्रू लागला आणि हे त्याच्या मागे होते. अगदी नेमावर. आणि बंदुका गप्प.”

“त्यांनी स्वतः सांगितलं होतं, ओढलाच नाही म्हणून!”

“उतरल्या उतरल्या त्यांनी इथे हात घातला. मी धावत आलो तेव्हा त्यांचा हात आतच होता. पाइप त्यांनी जोडला, ताई. मी नाही. मला म्हणाले, तो गेला तो गेला. तू तुरुंगात जाऊन तो परत येणारे का? तोंड बंद ठेव, हुकूम आहे. मग साहेब आले, त्यांनी तपासलं. पाइप जोडलेला, गोळ्या भरलेल्या, कापड कोरं. मग दोषी राहिलं कोण?”

तिच्या कानांत मधल्या सुट्टीची ती पोरं ओरडत होती.

“आणि तुम्ही हुकूम पाळलात,” ती म्हणाली.

“पाळला.”

“वा! काय आज्ञाधारक माणूस! आणि बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, त्यानंतर कोणाचा हुकूम होता?”

काका हळूहळू पंखावर बसले, पाय खाली सोडून.

“दर रविवारी यायचात. गोळ्या घेऊन यायचात. आमच्या घरात काय चालायचं ते माहीत होतं तुम्हाला?”

“वहिनींचा कान मी पाहिला होता.”

“आणि?”

“आणि गोळ्या आणत राहिलो.”

तिनं मूठ उगारली आणि पंखावर हाणली. तिनंच घासलेला, तिनंच रंगवलेला पत्रा धाडकन वाजला. हात कळवळला. बरं वाटलं. तिनं पुन्हा हाणली.

“ह्यांच्यावर एवढी माया!” ती ओरडली, आणि कोणाला ओरडतेय हे तिचं तिलाच धड कळत नव्हतं. “परक्या पोरावर एवढी माया, आणि आमच्यावर ताटं! धाकट्यानं काय केलं होतं? शिट्टी वाजवली! सहा वर्षांच्या पोरानं शिट्टी वाजवली!”

काका मान खाली घालून बसले होते. त्यांच्या कपाळावर वार्निशाचा एक डाग पडला होता.

भित्र्या बापाचा राग करणं सोपं होतं. तिनं तो आयुष्यभर विनासायास केला होता, रोज सकाळी उठून केला होता. आता त्या जागी हा कोण माणूस येऊन बसला? एवढा मोठा, एवढा चांगला, आणि त्या चांगुलपणाचं सगळं पित्त घरी आणून ओकणारा. आईनं काय पाप केलं होतं? एक शब्द तिला सांगितला असता, आईला, फक्त तिला, तर तिनं कान काय, जीव दिला असता हसत. पण नाही. तोंडाला कुलूप. तिला बाबांचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला, आणि रडायला आलं, आणि त्याचा आणखीनच राग आला.

तिनं बाहीला नाक पुसलं. टेबलावरून पाना उचलला आणि काकांच्या शेजारी पंखावर ठेवला.

“सोडा तो पाइप,” ती म्हणाली.

“काय?”

“त्या दिवशी होता तसा. सुटा. विमान त्या दिवशी गेलं तसंच उद्या उभं राहील. कापड कोरं आणि पाइप सुटा. झाकणही उघडंच ठेवा.”

“मला नाही सोडवणार, ताई. माझ्या हातानं नाही होणार ते.”

“मग ठेवा जोडलेला.” ती निघाली होती. “मी सोडणार नाही. बाबांनी तुमचं काम केलं एकदा. मी नाही करणार.”

हँगरच्या दाराशी फिटर विडी विझवत उभा होता. त्याला ती म्हणाली, आजचं काम झालं, काकांना पोचवूनच घरी जा, आणि काही विचारू नकोस. त्यानंही शहाण्यासारखं काही विचारलं नाही.

सकाळी ती पोचली तेव्हा हँगर ओळखू येत नव्हता. फरशी धुतलेली, खुर्च्या ओळीनं, विमानापुढे निळा पडदा. पाहुणे अजून यायचे होते. पडद्यामागे धाकटा आधीच उभा होता, सूट घालून, आणि खरोखरच त्याच्या हातात दाढीचं ब्लेड होतं, कागदात गुंडाळलेलं.

कापड लागलेलं होतं. चारही बंदुकांवर, नवं, कोरं, कडा अशा दाबलेल्या की नखानं शोधूनही सापडू नयेत. तिनं इतकं चांगलं कधीच लावलं नव्हतं.

काका शेपटीच्या बाजूला उभे होते. पांढरा शर्ट, भांग पाडलेला, टोपी हातात. रात्रभर झोपले नसावेत. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी तिच्याकडे. तिचा राग उतरला नव्हता आणि उतरल्याचं सोंग तिला आणायचं नव्हतं.

“तुला सांगितलं होतं मी,” धाकटा दबक्या आवाजात म्हणाला. “तुझा हट्ट तू सोडणारच नाहीस. हो बाजूला.”

त्यानं ब्लेड कागदातून काढलं, पंखाशी वाकला आणि डाव्या हातानं पहिल्या बंदुकीच्या तोंडावरचं कापड चाचपलं.

“अरे देवा!” पलीकडून फिटर ओरडला. शेवटचा हात फिरवायला तो फडकं घेऊन पंखावर चढला होता आणि कॉकपिटच्या खालच्या झाकणात डोकं घालून बसला होता. “ताई! पाइप सुटाय! झाकण उघडं आणि पाइप सुटा!” त्यानं डोकं बाहेर काढलं, त्याच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं, आणि एक हात मिशीवर होता. “काका, घात केलात माझा! विसरलात! अहो, पहिल्यांदाच विसरलात की हो!”

“पहिल्यांदा नाही,” काका म्हणाले.

फिटर हसला. मग त्याचं हसू जागीच राहिलं.

धाकटा वाकलेलाच होता. ब्लेड कापडापासून बोटभर अंतरावर होतं. त्यानं मान वळवून काकांकडे पाहिलं, मग बहिणीकडे पाहिलं.

“म्हणजे?” तो म्हणाला. “काय म्हणतायत हे?”

पडद्यापलीकडे खुर्च्या सरकायला लागल्या होत्या. कोणीतरी माइकवर फुंकर मारून पाहिली. काकांच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती.

तिनं कोपऱ्यातलं स्टूल पायानं ढकलत आणलं आणि त्यांच्या मागे ठेवलं.

“बसून सांगा,” ती म्हणाली.